दांडिया बाजारातला जपानी वर्ग: निदान ‘तर’साठी तरी जा

मी बडोद्याजवळच्या हलोलच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. जपानी साहेब आले की दुभाष्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, म्हणून शिकायला घेतलं. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-५ ही सगळ्यात सोपी पातळी निभावली. त्यापुढच्या एन-४ला ‘तो’, ‘बा’, ‘तारा’, ‘नारा’ ही ‘तर’च्या अर्थाची चौकडी भेटली आणि गाडी अडली. आधीच्या ऑनलाइन कोर्सात चारींचा अर्थ एकच दिला होता: ‘इफ’. पैसे पाण्यात.

इथल्या मॅडम बडोद्याच्याच, मराठी. त्यांनी विचारलं, “बटण दाबलं की पाणी येतं, इथे ‘तर’ म्हणाल का?” नाही म्हणत आपण. तिथे जपानीत ‘तो’: बोतान ओ ओसु तो, मिझु गा देमासु. दर वेळी ठरल्यासारखं घडणारं. म्हणूनच ‘तो’च्या पुढे विनंती किंवा हुकूम चालत नाही. “पाऊस पडला तर घरीच राहा” म्हणायचं तर ‘तारा’ हवा: अमे गा फुत्तारा, उचि नि इते कुदासाइ. वर्गातले गुजराती इथे हमखास घसरतात, कारण गुजरातीत ‘तर’ला ‘तो’च म्हणतात. त्यांचं “वरसाद पडे तो घेर रहेजो” घरी अगदी बरोबर असतं ना! मॅडम त्यांना गुजरातीतूनच दटावतात.

‘तारा’त शंका असलीच पाहिजे असंही नाही. जूजि नि नात्तारा, काएरिमासु, म्हणजे दहा वाजले की निघते. दहा तर वाजणारच. ‘नारा’ समोरच्याचं बोलणं उचलून सल्ला द्यायला. कुणी बडोद्याला निघालंय म्हणाला की, बारोदा ए इकु नारा, सेव-उसळ गा इइ देसु. हे वाक्य आता घरी माझी आईही म्हणते.

‘बा’ मात्र घाईत उरकला. यासुकेरेबा काइमासु, स्वस्त असेल तर घेईन, इथपर्यंत ठीक. क्रियापदांचं सगळं गृहपाठावर ढकललं. ऐकण्याचा सराव तर नावालाच, तोही मोबाइलच्या स्पीकरवर, खाली हॉर्न वाजत असताना. एन-४ला १८०पैकी ६० गुण ऐकण्याचे असतात आणि त्यात किमान १९ मिळाले नाहीत तर एकूण ९०च्या वर जाऊनही नापासच. त्याची सोय घरी करावी लागेल.

फी हप्त्यांनी घेतात. संध्याकाळच्या बॅचला स्कूटर लावायला जागा मिळत नाही. रविवारी सकाळची घ्या.