इंटरनेटची दोन कनेक्शनं घेतली, दोन्ही एकाच मिनिटाला गेली (आठ महिन्यांनंतर)

कर्वेनगर, घरून काम, १०० एमबीपीएस, सहा महिन्यांचे जीएसटीसकट ३,५४० रुपये आगाऊ. फायबर गल्लीतला केबलवालाच देतो, बिल मात्र कंपनीच्या नावाने येतं.

पहिले चार महिने छान गेले. जूनमध्ये ऐन मीटिंगमध्ये नेट गेलं ते तिसऱ्या दिवशी आलं. केबलवाल्या दादाला कितीही फोन करा, एकच उत्तर : "ताई, वरूनच लाईन गेलीय." मी त्याला फार बोलले, रेटिंगमध्ये एक तारा देऊन मोकळी झाले आणि दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. महिना ४७२ रुपये वेगळे.

ऑगस्टमध्ये पहिल्याचे पुन्हा ३,५४० भरले. आठवड्यातच रस्ता खोदताना केबल तुटली आणि दोन्ही कनेक्शनं एकदम बंद. दादा मला गच्चीवर घेऊन गेला. पाण्याच्या टाकीमागे पेटी, आत दोन्ही कंपन्यांच्या पिवळ्या वायरी शेजारी शेजारी, आणि पेटीतून बाहेर पडणारी काळी केबल एकच! दुसऱ्या कंपनीने त्यातलीच एक कोअर (केबलच्या आतली काचेची एक बारीक तार) भाड्याने घेतली होती. विकताना हे कुणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

दादाबद्दलचं मत मात्र तिथेच बदललं. या वेळी घरातल्या दोन्ही मोडेमवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे आपल्यापर्यंत येणारी वायर तुटलेली. जूनमध्ये तो लाल दिवा नव्हता, पीओएनचा (फायबर जोडलेली असल्याचा) दिवा हिरवा स्थिर होता. म्हणजे गल्लीतली वायर ठीक होती, बिघाड खरंच वर होता. तक्रार करण्याआधी हे दोन दिवे बघाच.

"वर" म्हणजे कोण, हे मग मी खोदून विचारलं. दादा नुसता फ्रँचायझी, कंपनीच्या नावाने सेवा देणारा. इंटरनेट विकायचा परवाना कंपनीचा : 'ए' वर्ग देशभराचा, 'बी' एका सर्कलचा (साधारण एका राज्याएवढा भाग), 'सी' त्याहून लहान भागाचा. लहान कंपन्या बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) मोठ्यांकडून घाऊक घेतात आणि आपल्याला किरकोळीत विकतात. प्रत्येक घरासाठी १०० एमबीपीएस राखून ठेवलेले नसतात, सगळे एकाच वेळी वापरणार नाहीत असा हिशोब असतो. रात्री नऊला तो चुकतो. तेव्हाही यूट्यूब सुरळीत चालतं, कारण त्याचा साठा बऱ्याचदा कंपनीच्याच सर्व्हरवर असतो. स्पीड टेस्टही जवळचाच सर्व्हर निवडते, म्हणून आकडा १०० दाखवते. ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन मात्र रखडतं, कारण त्याला त्या घाऊक लाईनवरूनच बाहेर जावं लागतं. मी ट्रेसर्ट (डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो ते दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं तर चौथ्या टप्प्यावर दोन्ही कनेक्शनांत एकाच घाऊक कंपनीचं नाव. म्हणजे गल्लीतही एक आणि वरही एकच.

दुसरं कनेक्शन बंद केलं, अडीनडीला मोबाइलचा हॉटस्पॉट आहे. दादाचा एक तारा काढून चार दिले. कंपनीला दोनच, जूनच्या तीन दिवसांचे पैसे अजून परत आलेले नाहीत. फेब्रुवारीत मुदत संपली की एकेका महिन्याचेच भरणार, आणि आधी दादाला विचारणार : आपली लाईन वर कुणाकडून येते?