उबंटूचं ‘लायसन्स’ आणि साडेपाच तास मागे पडणारं घड्याळ

सोलापुरात कुणी लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबंटू, म्हणजे लिनक्स प्रकारातली ऑपरेटिंग सिस्टीम, टाकून घ्यायच्या विचारात असेल, तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून जुने लॅपटॉप घेऊन लिनक्सची चौकशी करणारे वाढलेत आणि त्यांना गाठणारेही.

आमच्या घरात लॅपटॉप एकच. अण्णांचा टॉवेलचा छोटा धंदा आहे, त्याचं टॅली आणि जीएसटीचं सगळं विंडोज ११ वर. धाकटी बहीण इंजिनीअरिंगला, तिच्या प्रॅक्टिकलला उबंटू लागतं. दोन्ही एकाच मशीनवर ठेवता येतात, चालू करताना कुठली उघडायची ते विचारलं जातं. त्यात अवघड काही नाही. आम्ही लॅपटॉप बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिला.

परत मिळाला तेव्हा पावतीवर दोन ओळी होत्या. ‘इन्स्टॉलेशन ८००’ आणि त्याखाली ‘ओएस लायसन्स, १ वर्ष, २४००’. कडेला पेनानं पुढच्या रिन्यूअलची तारीखसुद्धा घातलेली. आठशेबद्दल माझी तक्रार नाही, माणसानं काम केलं, मजुरी घेतली. पण उबंटूला वर्षाचं लायसन्स नसतंच. ते २००४ पासून फुकट मिळतं, कुणीही उतरवून घ्यावं आणि कितीही मशीनवर टाकावं. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ आवृत्तीला तर पाच वर्षं मोफत अपडेट आहेत. म्हणजे दुकानदारानं न विकलेल्या वस्तूचे पैसे घेतले आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा घेण्याची सोय करून ठेवली.

खरा घाव पुढे बसला. घरी येऊन उबंटू उघडलं, छान चाललं. मग अण्णांनी विंडोज निवडलं, तर निळा पडदा आला आणि त्यावर बिटलॉकर रिकव्हरी की मागणारी चौकट. जीएसटी रिटर्नची वीस तारीख तोंडावर. फोन केला तर दुकानदार म्हणाला, “मालक, हार्ड डिस्कला लॉक पडलंय बघा. आतला डेटा गेल्यातच जमा. रिकव्हरी करावी लागंल, साडेसहा हजार होतील.” अण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. तीन वर्षांचे हिशेब त्यात होते. लॅपटॉप घेऊन ते तसेच निघाले.

दुकानात त्यानं अण्णांचा ईमेल विचारला, मग फोनवर आलेला ओटीपी विचारला. “सर्व्हरवरनं डेटा ओढायचाय,” असं सांगितलं. लॅपटॉप मात्र संध्याकाळपर्यंत ठेवून घेतला, म्हणजे काम मोठं वाटावं.

त्यानं काय केलं असणार, ते सांगतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरून सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज स्वतःहून डिस्कला कुलूप घालतं, तेच हे बिटलॉकर. त्याची किल्ली म्हणजे ४८ आकडी नंबर, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तो त्याच अकाउंटमध्ये जपून ठेवलेला असतो. सिक्युअर बूट, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, बंद केलं किंवा सुरू होण्याची व्यवस्था बदलली की विंडोजला शंका येते आणि ते किल्ली मागतं. डेटा जागच्या जागी असतो, हार्ड डिस्कला काही झालेलं नसतं. अकाउंटमध्ये लॉगिन करायचं, नंबर वाचायचा आणि त्या चौकटीत टाइप करायचा. याला एक रुपया लागत नाही. उलट बिटलॉकर चालू असेल तर उबंटू बसवतानाच तशी सूचना पडद्यावर येते. ती वाचून त्यानं आम्हाला आधी विचारायला हवं होतं.

आणि तो ओटीपी! त्या एका नंबरावर अण्णांचं अख्खं अकाउंट परक्या माणसाच्या हातात गेलं. पासवर्ड आम्ही त्याच रात्री बदलला.

एवढं होऊनही हे उघडकीला आलं ते घड्याळामुळे. बहिणीनं रात्री उबंटू वापरलं की सकाळी विंडोजमधलं घड्याळ मागे पडलेलं. दहा वाजता उघडावं तर साडेचार दाखवायचं. दुकानदारानं ‘सीमॉस बॅटरी गेलीय’ (आतलं घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) म्हणून ४५० घेतले. चार दिवस बरं चाललं, कारण बहिणीची परीक्षा होती आणि उबंटू कुणी उघडलंच नव्हतं. मग पुन्हा तेच. तिनं कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना विचारलं, तर त्यांनी पहिला प्रश्न केला, “बरोब्बर साडेपाच तासच मागे पडतं का?”

बरोब्बर साडेपाच. कारण उबंटू मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज त्याच घड्याळाला भारतातली वेळ समजून वाचतं, आणि दोन्हींत फरक साडेपाच तासांचा. बॅटरी खरंच गेली असती तर तारीखच भलतीकडे गेली असती, दर वेळी नेमका एवढाच फरक पडला नसता. सरांनी उबंटूत एका ओळीची कमांड दिली आणि घड्याळ ठिकाणावर आलं. मग आम्ही लॅपटॉप उलटा करून पाहिला. खालच्या एका स्क्रूवर कंपनीचा कागदी गोल चिकटवलेला असतो, तो जसाच्या तसा होता, कडसुद्धा निघालेली नव्हती. झाकण उघडल्याशिवाय बॅटरी बदलली कशी?

तुम्हाला दोन्ही सिस्टीम हव्या असतील तर आधी सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे तेच डिस्कचं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर ती ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घरात ठेवा, किंवा एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण निघेपर्यंत थांबा. टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. दुकानात दिलंत तर ओटीपी सांगू नका. नंबर लागलाच तर आपल्या फोनवर आपण लॉगिन करून आपण टाइप करायचा. पावतीवर प्रत्येक ओळ कशाची ते लिहून मागा. आमच्याकडे पावत्या होत्या म्हणून पुढचं शक्य झालं.

त्या पावत्या घेऊन मी आणि अण्णा दुकानात गेलो. स्क्रूवरचा कागद दाखवल्यावर बॅटरीचे साडेचारशे त्यानं न बोलता गल्ल्यातून काढले. लायसन्सचे २४०० बरीच बाचाबाची झाल्यावर दिले. रिकव्हरीचे साडेसहा हजार मात्र “ती सर्व्हिस आहे” म्हणून धरून बसलाय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्याला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. अण्णा म्हणतात, जाऊ दे आता. पण त्या दुकानात आम्ही उभे होतो तेव्हा काउंटरवर आणखी एका मुलीचा लॅपटॉप उघडा होता, आणि त्याच्यावर तोच निळा पडदा होता. तिच्या वडिलांना मी तिथंच बाहेर बोलावून सगळं सांगितलं.