मालवणच्या खाऱ्या हवेत पेंटियम थ्री: एका पावसाळ्यासह नऊ महिने

मशीन असं आहे: स्लॉट वनचा पेंटियम थ्री ५०० मेगाहर्ट्झ, इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा एटीएक्स बोर्ड, १२८ एमबीच्या दोन एसडीरॅम पट्ट्या, मागे २५ पिनांचा पॅरलल पोर्ट, विंडोज ९८ सेकंड एडिशन. वापर मार्च ते नोव्हेंबर, रोज तास-दीड तास. जागा मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, चिऱ्याच्या घरातली पडवीलगतची खोली. काम एकच: एका बंद पडलेल्या छापखान्याच्या, पानं जुळवायच्या पेजमेकर ६.५ च्या फायली उघडायच्या आणि आजच्या मशीनवर दिसतील अशा करून बाहेर काढायच्या. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. अक्षरं डीव्ही-टीटी योगेश, सुरेख वगैरे युनिकोडच्या आधीच्या जुन्या संकेतातली, आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलशिवाय, म्हणजे पॅरलल पोर्टला लावायच्या कुलूपवजा डबीशिवाय, सुरूच होत नाही.

सगळं या डोंगलवर अडतं. टर्बो सी किंवा डॉसचा फॉक्सप्रो चालवायचा असेल तर जुनं मशीन घेऊ नका, आजच्या मशीनवर डॉसचे प्रोग्राम चालवणारा डॉसबॉक्स पुरतो. उलट पेंटियम थ्रीवर टर्बो पास्कलमध्ये बनवलेले जुने प्रोग्राम 'रनटाइम एरर २००' देऊन बसतात, कारण सुरुवातीला वेळ मोजणारा त्यांचा लूप ठराविक वेळात इतक्या फेऱ्या मारतो की पुढच्या भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही. डोंगलचं मात्र वेगळं. त्याचं सॉफ्टवेअर थेट ३७८ या पोर्ट पत्त्याशी बोलतं. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-टू-पॅरलल वायरला फक्त प्रिंटर कळतो, त्यामुळे ती इथे निरुपयोगी. आम्हीही एक घेऊन बघितली. ती आता खणात पडून आहे.

मशीन कुठे मिळेल? छापखाने, पत्रिका छापणारी दुकानं, जुनी झेरॉक्सवाली, पतसंस्थांचे माळे, आणि २००१ नंतर गावोगाव निघालेली एमएस-सीआयटी केंद्रं. भंगारवाल्याकडे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण तो आधी बोर्ड काढतो आणि पत्रा वेगळा करतो. त्याला आधीच सांगून ठेवा, 'दादा, फोडू नका, आख्खं ठेवा, वजनापेक्षा जास्त देतो.' हे मशीन मॉनिटरशिवाय १,५०० रुपयांना पडलं. फोनवर विचारायचा प्रश्न एकच: मागे गुलाबी रंगाचं, २५ भोकांचं लांब पोर्ट आहे का? आणि त्याला एखादी काडेपेटीएवढी डबी (म्हणजे डोंगल) लावलेली असेल तर मशीनच्या आधी ती मागा. सॉफ्टवेअरची सीडी पुन्हा मिळू शकते, ती डबी मिळत नाही.

चिपळूण-खेडकडचं मशीन असेल तर पुराची खूण शोधा. २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली यंत्रं धुऊन-पुसून विकायला आलेली आहेत. कॅबिनेट बाहेरून चकचकीत असतं. टॉर्च घेऊन एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) जाळीतून आत बघा, कार्डं खोचायच्या पीसीआय स्लॉटच्या फटीत टाचणी फिरवा. बारीक, पिठासारखा गाळ निघाला तर सोडून द्या. लाल मातीची धूळ वेगळी; ती ब्रशने जाते आणि इकडच्या प्रत्येक मशीनमध्ये असतेच.

घरी आणल्यावर लगेच प्लग लावू नका. एसएमपीएस बोर्डापासून सोडवा, एखादी जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून जोडा, २० पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा आणि मीटर लावा. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. आमच्या एसएमपीएसवर लाल ४.६ दाखवत होती, म्हणून नवा घेतला. आजचा २४ पिनांचा कनेक्टर २० पिनांच्या सॉकेटवर चार पिना बाहेर लोंबत ठेवून बसतो. नव्या एसएमपीएसमध्ये उणे ५ व्होल्टची पांढरी वायर नसते, पण ती फक्त काही जुन्या पद्धतीच्या आयएसए कार्डांनाच लागते.

बोर्डावर प्रोसेसरजवळचे कॅपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी गळलेलं असेल तर तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढेच किंवा जास्त व्होल्टचे, लो-ईएसआर प्रकारचे घालून घ्या. टीव्ही दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करतो. नव्वदच्या आसपासच्या यंत्रांत पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे कॅपॅसिटर गळले की सोल्डर करताना चक्क मासळीचा वास येतो. मालवणात त्याने कोणी दचकत नाही, पण स्वयंपाकघरात काही नसताना वास आला तर बोर्डाकडे बघा. ३८६-४८६ च्या बोर्डावर निळी-हिरवी पिंपासारखी बॅटरी दिसली तर मशीन चालू करायच्या आधी ती कापून काढा, गळलेली जागा व्हिनेगरने आणि मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. पेंटियम थ्रीमध्ये साधा सीआर२०३२ सेल असतो, काम पाच मिनिटांचं.

रॅमबद्दल एक चकवा. ४४०बीएक्सवर एकाच बाजूला आठ चिप असलेली २५६ एमबीची पट्टी लावली की ती १२८ दिसते. दुकानदार पट्टी खराब म्हणेल, ती खराब नसते. चिपसेटला एवढी दाट चिप ओळखता येत नाही. दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपवाली घ्या. ५१२ एमबीच्या वर जाऊच नका, विंडोज ९८ तिथून रुसायला लागतं.

हार्ड डिस्क पहिल्याच आठवड्यात काढली. तिच्या जागी ८ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि ४० पिनांचा आयडीई ॲडॉप्टर बसवला. जुन्या बायोसला ३२ जीबीच्या पुढची डिस्क झेपत नाही, म्हणून मोठ्या कार्डाचा मोह नको. पहिला भाग २ जीबीच्या आत ठेवा: काही जुने इन्स्टॉलर त्याहून जास्त मोकळी जागा दिसली की 'जागा अपुरी' म्हणून थांबतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डीएमएची (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवायच्या सोयीची) खूण केल्यावर मशीन सुरू होताना अडकलं, तर स्वस्त ॲडॉप्टरमध्ये डीएमएच्या वायरी जोडलेल्याच नसतात हे समजा. सेफ मोडमध्ये जाऊन खूण काढा. नऊ महिन्यांत या कार्डाने एकदाही त्रास दिला नाही.

फ्लॉपीबद्दल तसं म्हणता येणार नाही. छापखान्याच्या १४० फ्लॉप्यांपैकी निम्म्यांवर पांढरी बुरशी होती. शटर सरकवून मधली चकती बोटाने फिरवा आणि उजेडात धरा. ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. खूप महत्त्वाची असेल तर प्लास्टिक उघडून चकती ९९ टक्के आयपीएत भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा, दुसऱ्या कव्हरात घालून एकदाच वाचा आणि इमेज करून ठेवा. रोजच्या वापराला गोटेक, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या इमेज फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह, त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर, सेटिंगच्या फाइलमध्ये इंटरफेस आयबीएमपीसी, जंपर एस१ वर, केबलच्या पिळापलीकडच्या टोकाला.

आता पाऊस. खरी परीक्षा आगोटीपासून सुरू होते. खाऱ्या वाऱ्याने सगळ्यावर मिठाचा बारीक थर बसतो, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. जून ते सप्टेंबर इथली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच. जूनच्या शेवटी मशीनने लांब 'टूंऽऽ टूंऽऽ' सुरू केलं. अवॉर्ड बायोसच्या भाषेत ही रॅमची तक्रार. पट्टी काढली तर सोनेरी दातांवर हिरवट छटा. आयपीए आणि कापसाची काडी, दोन मिनिटं वाळवून परत बसवली, चालू. खोडरबर वापरू नका; हिरवं जातं, पण पातळ सोनंही जातं आणि पुढच्या वेळी गंज लवकर धरतो. पावसाळाभरात हे चार वेळा करावं लागलं, आणि चारही वेळा मशीन त्याआधी चार-पाच दिवस बंद होतं. ज्या आठवड्यांत ते रोज तासभर चाललं त्यांत एकदाही नाही. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने आतली हवा सुकी ठेवतं.

म्हणून गावाला जाताना मशीन लाकडी कपाटात ठेवून आत १५ वॉटचा जुना झिरोचा बल्ब लावला. एलईडी बल्बने काही साधत नाही, तो गरमच होत नाही. प्लास्टिकचं कव्हर काढून टाका, ओल आत कोंडते. सुती पंचा पुरतो. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या हरवलेल्या असतील तर जाळी लावा, नाहीतर पाल उबेला आत शिरते. एसएमपीएसमध्ये शिरली तर ती आणि एसएमपीएस दोन्ही जातात.

सीआरटी मॉनिटर जुलैत बंद केला. दमट हवेत मागून चर्रर्र आवाज आणि तिखट वास यायला लागला, म्हणजे हजारो व्होल्ट ओलीतून गळत होते. तो उघडायच्या फंदात पडू नका. १५ इंची, १०२४ बाय ७६८ चा जुना एलसीडी शोभत नाही, पण चालतो.

डोंगल मशीन बंद असतानाच लावा आणि दोन्ही स्क्रू आवळा. बायोसमध्ये पोर्ट ३७८, मोड ईसीपीवरून साध्या एसपीपीवर आणल्यावर 'लॉक सापडला नाही' ही तक्रार थांबली. डोंगलच्या मागे प्रिंटर जोडलेला असेल तर तो चालू ठेवा किंवा वायर सोडवा. बंद प्रिंटर सिग्नल खाली ओढतो आणि डोंगल दिसेनासा होतो. या एका गोष्टीत दोन दिवस गेले.

फायली बाहेर काढायला ॲपल लेझररायटरचा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर टाकला, पोर्ट 'फाइल', फॉन्ट आउटलाइन म्हणून पाठवायचे. ती फाइल नव्या मशीनवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ होते. पान हुबेहूब दिसतं, पण त्यातला मजकूर शोधता येत नाही, म्हणून मजकूर वेगळा टेक्स्टमध्ये काढून युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि रफार व जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. ने-आण रिअलटेक ८१३९ च्या लॅन कार्डावरून, घरातल्या घरात एफटीपीने. नव्या विंडोजचं फोल्डर शेअरिंग ९८ शी जुळत नाही, आणि ९८ ला इंटरनेटची वायर लावायची नाही.

सीडी ड्राइव्हचा ट्रे सप्टेंबरपासून उघडत नाही, आतला रबरी पट्टा ढिला झालाय. सगळ्या सीडींच्या प्रती कार्डावर असल्यामुळे तो बदलायची घाई केलेली नाही.