पीएच पट्टी: पाण्यात चोख, अल्कोहोलमध्ये फसवी

एखादा पदार्थ आम्ल, आम्लारी की उदासीन हे पाहायला १ ते १४ पल्ल्याची पीएच पट्टी (७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी) लिटमसपेक्षा केव्हाही सरस. लिटमस लाल किंवा निळा होऊन नुसती बाजू सांगतो. साधारण ४.५ ते ८.३ च्या दरम्यान तर तो जांभळटच राहतो, त्यामुळे दुधासारखं सौम्य आम्ल (६.६ च्या आसपास) त्याच्या हाती लागत नाही. पट्टीवर व्हिनेगर २.५ ते ३, खाण्याच्या सोड्याचं द्रावण ८ च्या थोडं वर, साबणाचं पाणी ९ ते १० असं सरळ वाचता येतं. क्षणभर बुडवा, जादा थेंब झटका आणि अर्ध्या मिनिटात रंग जुळवा. कागद सुकू लागला की रंग बदलतो, मग ते वाचन धरू नये.

खरी अडचण अल्कोहोलची. शुद्ध इथेनॉलमध्ये (म्हणजे नेहमीच्या अल्कोहोलमध्ये) बुडवलेली पट्टी आपल्या मूळच्या पिवळट रंगावरच राहते. तक्त्यावर ६ च्या घराजवळही पिवळाच असतो, आणि इथेनॉल ‘सौम्य आम्ल’ म्हणून वहीत जातं. प्रत्यक्षात पट्टीने काही मोजलेलंच नसतं, कारण तिच्यातल्या दर्शकाला, म्हणजे रंग बदलणाऱ्या द्रव्याला, पाणी लागतं. दुसरी गफलत सूत्र पाहून होते: ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) दिसला की इथेनॉल सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र आम्लारीच्या पंगतीत. पण इथला ओएच कार्बनला घट्ट धरून असतो, पाण्यात सुटा होत नाही. त्यातला हायड्रोजनही सहज निघत नाही. इथेनॉलचा पीकेए (हायड्रोजन किती सहज सुटतो त्याचा आकडा; जितका मोठा, तितकं आम्ल सौम्य) १६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकाच. म्हणून ते उदासीन. फिनॉलमध्येही ओएच आहे, पण त्याचा पीकेए १०, आणि ते सौम्य आम्लच.

अल्कोहोल तपासायचंच असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा आणि नुसत्या त्याच पाण्यात बुडवलेली दुसरी पट्टी शेजारी ठेवा. हे पाणी उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ पर्यंत उतरतं, म्हणून आधी ५ मिनिटं उकळून, झाकून गार करा. दोन्ही रंग सारखे आले की अल्कोहोल उदासीन.

साध्या कागदी रोलचा रंग अल्कोहोलमध्ये वाहून जातो. रंग पक्का बसवलेली, चार चौकोनांची प्लास्टिक पट्टीच घ्या. ब्लीचपुढे मात्र तीही टिकत नाही: आधी निळी होते, मग पांढरी पडते. तिथे पहिला रंगच खरा. आणि डबी अमोनियाच्या उघड्या बाटलीजवळ ठेवू नका. नुसत्या वाफेने कोऱ्या पट्ट्या हिरव्या पडतात.