स्पॅटर की स्प्लॅटर?

‘तेलाचे शिंतोडे उडाले’ हे साधे वाक्य इंग्रजीत लिहिताना हात अडतो, कारण स्पॅटर आणि स्प्लॅटर हे दोन्ही शब्द तिथे चालण्यासारखे वाटतात. पुष्कळ वाक्यांत ते खरोखरच चालतात. तरीही निवड करायचीच असेल, तर थेंब केवढा आहे आणि तो किती जोराने आदळला, याकडे पाहावे असे माझे मत आहे.

स्पॅटर हा जुना शब्द असून तो सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आढळतो. त्यात बारीक, सुटे, विखुरलेले थेंब अभिप्रेत असतात. फोडणीत मोहरी तडतडू लागली की ओट्यामागच्या टाइल्सवर टाचणीच्या डोक्याएवढे जे पिवळट ठिपके बसतात, ते स्पॅटर. खिडकीच्या काचेवर पावसाचे तुरळक थेंब वाजू लागले तरी हेच क्रियापद येते. मराठीतला ‘शिंतोडा’ त्याच्या बराच जवळचा आहे.

स्प्लॅटर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो स्प्लॅश आणि स्पॅटर यांच्या मिश्रणातून झाला असावा, असे मानतात. हातातून निसटलेला पिकलेला टोमॅटो फरशीवर पचकन फुटतो आणि गर, रस, बिया कपाटाच्या दारापर्यंत उडतात, तेव्हा स्पॅटर फिका पडतो. ‘पचकन’मधला ओला आवाज स्प्लॅटरमध्ये आहे, मात्र मराठीत तो क्रियाविशेषणात राहतो आणि इंग्रजीत क्रियापदातच मुरलेला असतो. रक्तपाताची भडक दृश्ये दाखवणाऱ्या भयपटांच्या प्रकारालाही हाच शब्द चिकटला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

काही व्यवसायांत मात्र निवडीला वावच नाही. वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूचे जे मणी उडून सांध्याच्या आजूबाजूला चिकटतात आणि नंतर छिन्नीने किंवा ग्राइंडरने काढावे लागतात, त्यांना स्पॅटरच म्हणतात. ते चिकटू नयेत म्हणून मारायचा स्प्रेही अँटी-स्पॅटर या नावानेच विकला जातो. न्यायवैद्यक तज्ज्ञही रक्ताच्या डागांबद्दल स्पॅटर हाच शब्द वापरतात. तिरप्या दिशेने आलेला थेंब लांबट डाग पाडतो आणि डागाच्या रुंदीला लांबीने भागले की आघाताच्या कोनाची साइन (त्रिकोणमितीतले गुणोत्तर) मिळते, तिच्यावरून कोन काढता येतो. म्हणजे तिथे प्रत्येक ठिपका वेगळा मोजायचा असतो. अशा अहवालाच्या अनुवादात स्प्लॅटर आला, तर जाणकाराला तो लगेच खटकतो.

स्वयंपाकघरात मात्र हा नियम मोडतो. कढईवर ठेवायच्या जाळीच्या झाकणाचे काम बारीक थेंब अडवण्याचेच असले, तरी इंग्रजीत त्याला बहुधा स्प्लॅटर स्क्रीन म्हणतात, आणि वेष्टनावरचा मजकूर लिहिणाऱ्याने तेच नाव ठेवलेले बरे.