ड्रोनने आंब्याचे क्रेट उतरवले, देवगडातला अनुभव, 5 पैकी साडेतीन स्टार

यंदा एप्रिलात सड्यावरच्या बागेतून क्रेट खाली आणायला भाड्याने ड्रोनवाले बोलावले होते, तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो म्हणून एकदाच लिहून टाकतो. नाव देत नाही, पोरं चांगली आहेत आणि जी गडबड झाली तिच्यात थोडी चूक आमचीपण होती.

आमची बाग वर कातळावर आणि पिकअप येते ती खाली वहाळापर्यंतच. मधे जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. 20-22 किलोचा क्रेट डोक्यावर घेऊन उतरायचं नि परत चढायचं म्हणजे गड्याची एक फेरी 25 मिनिटांची, त्यात यंदा नेपाळी गडी दोन कमी आले.

आल्या आल्या पहिला भ्रमनिरास झाला तो वजनाचा. मला वाटलेलं आख्खा क्रेट उचलतील, पण त्यांचा ड्रोन स्मॉल कॅटेगरीतला, म्हणजे मशीन, बॅटरी, माल सगळं धरून 25 किलोच्या आत. माल फार तर 10 किलो. 250 ग्रॅमचा हापूस धरला तर अडीच डझन, वर क्रेटचं वजन. पण फेरी 4 मिनिटांची! सकाळी 7 ते 11 मध्ये 34 फेऱ्या झाल्या, म्हणजे 85 डझन खाली, आणि एका माणसाच्या मानेला त्रास नाही. बॅटरी दोन फेऱ्यांत बदलायला लागते आणि गरम असताना चार्जिंगला लावत नाहीत म्हणून सहा सेट घेऊन आलेले, जनरेटर त्यांचा, पेट्रोल आपलं.

उडवणं सोपं आहे हो, खरी कसरत लटकवण्यात आणि सोडण्यात आहे. ड्रोन खाली येऊन माल घेत नाही, वरच थांबतो आणि दोरीचा हूक खाली येतो, कारण पंख्यांचा वारा एवढा की पहिल्या फेरीला क्रेटमधला सगळा पेंढा उडून काकांच्या डोक्यावर. मग वरून किलतान (गोणपाट) बांधलं. दुसरं म्हणजे झोका. ड्रोन झटक्यात थांबवला की क्रेट पुढे जातो, आणि आपल्याला वाटतं रिमोटची काठी उलटी मारून आवरावा, तिथेच नवशिका फसतो, झोका वाढतच जातो. पायलट मुलगी होती (हो, मुलगी, आणि दोघा पोरांपेक्षा हात शांत), ती आधीपासूनच हळू करत आणायची. तिने सांगितलं 3 मीटर दोरीला एक झोका साडेतीन सेकंदांचा, 10 मीटरला सव्वासहाचा, लांब दोरी सावकाश हलते म्हणून आवरायला वेळ मिळतो पण झाडांत अडकायची भीती जास्त. आणि झालं तेच.

त्यांचा हूक आपोआप सुटणारा. माल जमिनीला टेकला, दोरी सैल पडली की उघडतो, खाली माणूस लागत नाही. फारच हुशार. 19 व्या फेरीला क्रेट गडग्याजवळच्या फणसाच्या फांदीवर टेकला, हुकाला वाटलं पोचलो, उघडला. क्रेट धाडकन खाली, आणि वजन गेल्यामुळे ड्रोन टुणकन वर. काका ओरडले, "आवशीक खाव, आंबे पाडूक बोलावलंत की उतरवूक?" अडीच डझन गेले. तो फणस आदल्या दिवशी छाटायला त्यांनी सांगितलेलं, आम्ही छाटला नाही, ही आमची चूक. पण तसला हूक झाडांच्या बागेत आणायचाच कशाला? रिमोटच्या बटणाने सुटणारा दुसरा त्यांच्या पेटीत होता, तो नंतर लावला! बिलातून 500 कमी केले, तेही मागितल्यावर, अर्धा स्टार तिथे कापला.

काकांचा पुढचा प्रश्न, मग ह्यो आंबे काढील काय? तर नाही. फळ ओढलं की झाड ड्रोनला खाली ओढतं आणि पंखे पानांत जातात. इस्रायलात सफरचंदं चोखून धरून काढणारे ड्रोन केलेत, ते वायरने खालच्या गाडीला बांधलेले असतात, आपल्या 40 फुटी कलमांत ती वायर कुठे फिरवणार. आपली काठीला जाळी लावलेली घळच बरी.

बोलवणार असाल तर पायलटचं सर्टिफिकेट बघा आणि सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या साइटच्या नकाशावर बाग ग्रीन झोनमध्ये आहे ना तेही बघा, तिथे 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की काम बंद, 11 नंतर ती मुलगी कितीही सांगा उडवत नव्हती आणि ते मला आवडलं. दिवसाचे 6500 घेतात, म्हणजे गडी मिळत असतील तर महागच. पुढच्या वर्षी वरच्या 60 कलमांपुरताच बोलावणार, बटणाचा हूक आधी दाखवा मगच ॲडव्हान्स, आणि फणसाची ती फांदी मी कालच तोडली.