अबाइड की सफारी जीन? दारव्ह्यात बसून ऑटिझमचा डेटा

दारव्हा-दिग्रसकडच्या कोणाला एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ऑटिझमचा खुला डेटा हवा असेल, तर आधी ही दोन नावं बघावीत.

अबाइड (ABIDE) म्हणजे मेंदूच्या एमआरआय स्कॅनचा खुला संग्रह. 2012 च्या पहिल्या खेपेत 17 केंद्रांमधले 1112 जण: 539 ऑटिझम असलेले, 573 नसलेले. नोंदणी केली की फुकट. पण मूळ स्कॅन हॉटस्पॉटवर उतरवायला बसलात तर मधेच लाइट जाणार आणि दिवसाचं नेटही संपणार. त्यापेक्षा आधीच प्रक्रिया केलेल्या, मेंदूच्या भागनिहाय आकड्यांच्या फायली घ्या. साध्या लॅपटॉपवर चालतात. सोबतच्या तक्त्यात निदानाच्या रकान्यात 1 म्हणजे ऑटिझम, 2 म्हणजे नाही. जिथे माहितीच नाही तिथे -9999 लिहिलंय. तो आकडा गाळला नाही तर सरासरी थेट पाताळात! केंद्र बदललं की मशीनही बदलतं, तो फरक ऑटिझमचा समजू नका. मुली फार कमी आहेत आणि भारतातलं केंद्र एकही नाही, हे मला जास्त खटकतं.

सफारी जीन (SFARI Gene) ही ऑटिझमशी जोडलेल्या जनुकांची यादी. जनुकाचा ऑटिझमशी संबंध असल्याचा पुरावा किती भक्कम, त्यावरून श्रेणी. शँक3, सीएचडी8 ही जनुकं वरच्या श्रेणीत. फाइल चहा होईस्तोवर उतरते. पण त्यात माणसंच नाहीत, त्यामुळे दोन गटांची तुलना करता येत नाही.

जीवशास्त्रवाल्यांनी सफारी जीन घ्यावं. संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटरवाल्यांना मी डोळे झाकून अबाइडच सांगेन.